कागदी झोंगझी: एकाच पट्टीतून कुणाचे चार पैलू येतात, कुणाचे सहा. असं का? आणि दोरा का घसरतो?

पेठरोड_कार्यानुभव

सहावीच्या ४० मुलांकडून कागदी झोंगझी करून घ्यायची आहे. झोंगझी म्हणजे चीनमधल्या ड्रॅगन बोट सणाचा पदार्थ. चिकट तांदूळ बांबूच्या नाहीतर बोरूच्या पानात टोकदार गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात आणि उकळत्या पाण्यात शिजवतात. कागदाची करतात ती टांगायला, वरून रंगीत रेशीम गुंडाळून. २०२६ मध्ये सण १९ जूनला आहे, म्हणजे शाळा उघडल्या उघडल्या. हातात ३५ मिनिटांच्या दोन तासिका आहेत.

पद्धत अशी: ३ सेंमी रुंदीची पट्टी, कोनमापकाने ६० अंशाची पहिली रेघ, मग समभुज त्रिकोणांच्या नागमोडी घड्या. नमुने करून पाहिले तर अडचणी या येतात:

पाचव्या-सहाव्या त्रिकोणापासून घडी तिरकी होते, टोकं जुळत नाहीत. त्याच पट्टीतून कधी चार पैलूंचा पिरॅमिड तयार होतो, कधी सहा पैलूंचा, आणि कधी नुसतं कडं, वरून-खालून उघडं. जाड कार्डशीट घडीवर फाटतं, झेरॉक्सचा कागद दोरा आवळला की चेपतो. आणि दोरा गुंडाळताना टोकाकडे सरकून निसटतो.

पट्टीची लांबी किती, त्रिकोण किती, डिंक कुठे, दोरा किती मीटर, हे नेमकं हवं आहे. आकडे दिलेत तर बरं, "थोडासा", "अंदाजे" नको.


घडीपाडी

आधी आकाराचं बोलू, कारण तुमच्या पहिल्या दोन अडचणी खरं तर वेगवेगळ्या आहेत.

सहा पैलूंची झोंगझी म्हणजे दोन पिरॅमिड बुडाला बुड लावून जोडलेले. वर एक टोक, खाली एक टोक, मध्ये तीन कोपरे. एकूण सहा समभुज त्रिकोण आणि नऊ कडा. सरळ पट्टीतून ती करायला आठ त्रिकोण लागतात. सहा त्रिकोणांच्या सरळ पट्टीतून होत नाही, कारण सहावा त्रिकोण फिरून पहिल्यावरच येऊन बसतो आणि एक बाजू उघडी राहते. ती सातवा झाकतो. आठवा म्हणजे खोचायची जीभ.

आता मुख्य मुद्दा. आठ त्रिकोणांमध्ये सात घड्या आहेत आणि त्या सगळ्या सारख्या मिटायच्या नाहीत. १ली, ४थी आणि ७वी घडी या मधल्या, म्हणजे कंबरेच्या कडा. तिथे दोन पैलूंमधला आतला कोन सुमारे १४१ अंशांचा असतो, म्हणजे कागद जेमतेम ३९ अंश वळतो. २री, ३री, ५वी आणि ६वी घडी टोकांकडे जाणाऱ्या कडांची. तिथे आतला कोन साडेसत्तर अंश, कागद जवळजवळ ११० अंश वळतो. क्रम असा म्हणायचा: सैल, घट्ट, घट्ट, सैल, घट्ट, घट्ट, सैल. फळ्यावर लिहून ठेवा. पट्टीवर सैल घड्यांना पेन्सिलीने फुली मारून घेतली तर मुलं चुकत नाहीत.

हा क्रम न सांगता "सगळ्या घड्या आतल्या बाजूला मोडा" एवढंच सांगितलं की वर्गात तीन आकार निघतात. कोणता निघाला ते ओळखायला पहिल्या त्रिकोणावर कितवा येऊन बसला ते बघायचं:

पाचवा बसला तर सगळ्या घड्या घट्ट झाल्या, चार पैलूंचा पिरॅमिड झाला.
सहावा बसला तर बरोबर, झोंगझी.
सातवा बसला तर सगळ्या घड्या अर्धवट सैल राहिल्या. आठ पैलूंच्या आकाराचा मधला पट्टा झाला, तेच तुमचं उघडं कडं.

कागद टाकून द्यायची गरज नाही. उलगडून त्याच पट्टीची पुन्हा बांधणी होते, फक्त सैल घड्या बोटाने दाबून थोड्या सपाट कराव्या लागतात.

आता मापं. पट्टीची रुंदी म्हणजे त्रिकोणाची उंची. बाजू काढायची तर रुंदीला १.१५५ ने गुणायचं. आठ त्रिकोणांना दोन्हीकडच्या तिरक्या टोकांसकट साडेचार बाजू लांबी लागते.

३ सेंमी पट्टी: बाजू ३.४६ सेंमी, लांबी १५.६ सेंमी. तयार झोंगझी टोकापासून टोकापर्यंत साधारण ५.७ सेंमी.

४ सेंमी पट्टी: बाजू ४.६२ सेंमी, लांबी २०.८ सेंमी. तयार झोंगझी ७.५ सेंमी.

सहावीला ४ सेंमीच घ्या. ए-फोर कागदाची आखूड बाजू २१ सेंमी असते, तिच्या समांतर ४ सेंमीच्या पट्ट्या कापल्या तर एका कागदातून सात निघतात आणि लांबीला जेमतेम दोन मिलिमीटर उरतात. ४० मुलांना सहा कागद, वर दोन पट्ट्या शिल्लक. ३ सेंमीवर अडून बसायचं असेल तर कागदाच्या लांबीच्या दिशेने सात पट्ट्या, प्रत्येकीत एकामागे एक दोन झोंगझी, म्हणजे एका कागदात चौदा बसतात. पण तेव्हा टोकाला अडीच मिलिमीटरच शिल्लक राहतात, तिथे चुकायला जागा नाही.

६० अंशाची पहिली घडी कोनमापकाशिवाय अशी घाला. पट्टी आडवी ठेवा, डाव्या टोकाजवळ तिची लांबीत अर्धी घडी घालून मध्यरेषा उमटवा. दोन-तीन सेंमी उमटली तरी पुरे. उलगडा. आता खालचा डावा कोपरा बोटाने धरून ठेवा आणि वरचा डावा कोपरा खाली आणून बरोबर मध्यरेषेवर टेकवा. घडी खालच्या कोपऱ्यातूनच निघाली पाहिजे. ती घडी ६० अंशाची. तिच्या डावीकडचा छोटा काटकोन त्रिकोण कापून टाका.

पुढे प्रत्येक घडी घालताना पट्टीची लांब कड आधीच्या घडीवर आणून बसवायची, म्हणजे उरलेला कोन बरोबर अर्धा होतो. यात एक गंमत आहे. प्रत्येक घडीला चूक निम्मी होते. सुरुवात ६६ अंशांनी झाली तर पुढची घडी ५७, मग ६१.५, मग ५९.२५, अशी आपोआप ६० कडे सरकते. याउलट पहिला त्रिकोण कापून त्याचा साचा केला आणि त्याने बाकीचे आखले, तर साच्यातली चूक प्रत्येक त्रिकोणात तशीच उतरते आणि साठत जाते. तुमची पट्टी पाचव्या त्रिकोणाला तिरकी होते ती बहुधा याच कारणाने, किंवा पट्टीची रुंदीच दोन्ही टोकांना सारखी नाही म्हणून. अर्धा मिलिमीटर फरकही दिसतो.

बांधणी:

१. सगळ्या सात घड्या आधी पूर्ण मिटवून, नखाने दाबून, मग उलट्याही मोडून घ्या. सैल घड्यासुद्धा आधी पूर्ण मिटायच्या. त्या बांधताना उघडायच्या.
२. २रा, ३रा, ४था त्रिकोण जिथे एकत्र येतात ते खालचं टोक. तिथून सुरुवात करा, छोटी खोलगट वाटी तयार होईल.
३. ५वा वर घ्या, ६वा पहिल्यावर बाहेरून बसवा. डिंक लावायची एकमेव खरी जागा हीच.
४. ७वा म्हणजे झाकण.
५. ८वा तिसऱ्या त्रिकोणाच्या खाली सरकवा. तिसऱ्याची एक कड मोकळी असते, फट तिथेच दिसते. जिभेच्या दोन मोकळ्या कडा आधी प्रत्येकी एक मिलिमीटर कापून घ्या, नाहीतर ती आत जाताना तिसरा त्रिकोण फुगवते.

सातव्या आणि पाचव्याच्या मध्ये एक कड नुसती टेकलेली राहते. ती चिकटवायची नाही, दोरा बसला की मिटते.


रेशीमलड

घडीपाडींनी आकार सांगितला, मी दोऱ्याचं सांगते. बहुतेक जण टोकाजवळ गाठ मारून तिथूनच गुंडाळायला घेतात. टोकाभोवतीचा वेढा कधीच टिकणार नाही. टोकाकडे घेर लहान होत जातो, त्यामुळे दोरा जितका ओढाल तितका तो टोकाकडे पळतो. दोरा कडांच्या मध्यावरून सुरू करायचा.

झोंगझीच्या नऊही कडांच्या बरोबर मधोमध पेन्सिलीने ठिपका द्या. ठिपके देण्याचं काम पट्टी सपाट असतानाच केलं तर सोपं: प्रत्येक घडीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांच्या तिरक्या कडांच्या मध्यावर. राहिलेले एखाद-दोन बांधल्यावर. आता एका ठिपक्याजवळ दोऱ्याचं टोक सेलोटेपच्या लहान तुकड्याने चिकटवा आणि दोरा ठिपक्यावरून ठिपक्यावर न्या. प्रत्येक पैलूवर शिरल्यावर समोर दोन ठिपके असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. नियम एवढाच: एकदा डावा, एकदा उजवा. दोनदा लागोपाठ एकाच बाजूला वळलात की दोरा टोकाभोवती फिरायला लागतो, म्हणजे पुन्हा घसरणं आलंच.

या नियमाने गेलं की अठरा पैलू ओलांडून दोरा मूळ ठिपक्यावर येतो. पैलू सहाच असल्यामुळे प्रत्येकावरून तो तीनदा गेलेला असतो, दर वेळी वेगळ्या दिशेने. एक पूर्ण फेरी झाल्यावर प्रत्येक पैलूच्या मधोमध तीन ठिपके जोडणारा छोटा उलटा त्रिकोण दिसला पाहिजे. एखाद्या पैलूवर तो अपुरा दिसला तर तिथे वळण चुकलंय, लगेच उलगडा. चार रंग चढल्यावर उलगडणं म्हणजे शिक्षा.

एका फेरीला नऊ बाजूंइतका दोरा लागतो. ४ सेंमीच्या पट्टीला साधारण ४२ सेंमी, ३ सेंमीच्या पट्टीला ३१ सेंमी. पुढच्या फेऱ्या पहिल्या दोऱ्याला चिकटून, एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, अशा आलटून पालटून घाला. सगळ्या एकाच अंगाला घातल्या तर पट्टा मध्यापासून सरकतो आणि पुन्हा टोकाच्या मोहात पडतो.

रंग पाच: हिरवा (किंवा निळा), तांबडा, पिवळा, पांढरा, काळा. दुआनवूला, म्हणजे याच ड्रॅगन बोट सणाला, चीनमध्ये पाच रंगांचा दोरा मुलांच्या मनगटावर बांधतात. हे पाच रंग तिकडच्या पंचतत्त्वांचे: हिरवा लाकडाचा, तांबडा अग्नीचा, पिवळा मातीचा, पांढरा धातूचा, काळा पाण्याचा. काळा नको, अशुभ दिसतो, असं पालक म्हणतील. तर त्यांना हे सांगा, रंग काढू नका.

४ सेंमीच्या झोंगझीला प्रत्येक रंगाच्या तीन फेऱ्या म्हटलं तर रंगाला सव्वा मीटर, पाच रंगांना सव्वासहा मीटर. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याची लड ८ मीटरची मिळते, म्हणजे एका रंगाची एक लड सहा मुलांना पुरते. ४० मुलांना प्रत्येक रंगाच्या सात लडी आणा. सगळा कागद झाकायच्या भानगडीत पडू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याने तिन्ही दिशांनी पूर्ण झाकायचं म्हटलं तर एकेका झोंगझीला तीस मीटरहून जास्त दोरा जातो. आणि खालचा हिरवा कागद पानासारखा दिसतो तो दिसायलाच हवा.

लड सोडवून द्या. मुलांच्या हातात अख्खी लड गेली की तासिका गुंता काढण्यात जाते. सव्वा मीटरचे तुकडे कापून, प्रत्येकी पाच रंगांचा संच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवणं उत्तम.


भद्रकाली_कंदील

कागदाबद्दल. १८० ग्रॅमचं (चौरस मीटरला) कार्डशीट घडीवर फाटतं ते जाडीमुळे कमी, आणि आधी रेघ न दाबता मोडल्यामुळे जास्त. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या बाजूने प्रत्येक घडीची रेघ एकदा दाबून ओढा, मग मोडा. कटरने हलका छेद देऊ नका, सहावीच्या हातात नाहीच नाही. छेद दिलेली घडी दोरा आवळला की तुटते.

तरी माझं मत: ४ सेंमीच्या पट्टीला १२० ते १६० ग्रॅम. हिरवा टिंटेड पेपर मिळतो तो साधारण याच्या जवळपास असतो, रंग दोन्ही बाजूंना असतो, आणि दोरा त्यावर घसरत नाही. घोटीव कागद दिसायला चकचकीत, पण एकतर पातळ, वर गुळगुळीत. दोरा त्यावर टिकत नाही. वापरायचाच असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या पट्टीवर वरून चिकटवा. पतंगाचा कागद इथे उपयोगाचा नाही.

कागदाला धाग्याची दिशा असते. कागदाचा लहान चौकोन आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो ती धाग्याच्या बाजूची घडी. पट्टीतल्या घड्या दोन्हीकडे ६० अंशात तिरक्या असल्यामुळे पूर्ण सोय कुठल्याच दिशेने होत नाही, पण धागा पट्टीच्या आडवा असेल तर घड्या स्वच्छ येतात आणि कागद कमी फुटतो.

घडीपाडींशी एका गोष्टीत माझं पटत नाही. घडीवर घडी घालून चूक निम्मी होते हे बरोबर, पण ती कमी होईपर्यंत पहिले तीन-चार त्रिकोण वाकडे झालेलेच असतात, आणि त्यातला पहिला हाच सहाव्याखाली जाणारा. तुम्ही ए-फोरमधून बरोबर सात पट्ट्या काढताय, वाया घालवायला लांबी नाहीच. चाळीस मुलं आणि दोन तासिका असतील तर एका कागदावर आखणी करून झेरॉक्स काढा. झेरॉक्स मशीन कडेचे काही मिलिमीटर छापत नाही, म्हणून पूर्ण माप बसणार नाही. त्रिकोणाची बाजू ३.२ सेंमी धरा: पट्टीची रुंदी २.७७ सेंमी होते, सात पट्ट्यांना १९.४ सेंमी, लांबीला दोन झोंगझींना मिळून २७.२ सेंमी. चारी बाजूंना समास राहतो आणि एका कागदात चौदा निघतात. मात्र आकार लहान पडतो, मग दोऱ्याच्या दोनच फेऱ्या. मोठा हवा तर एका कागदात सहाच घ्या, बाजू ४.४ सेंमी, पट्टी ३.८१ सेंमी, लांबी १९.८ सेंमी.

डिंक: सहाव्या त्रिकोणाच्या खाली, पहिल्यावर, डिंककांडीचा एक हात. फेविकॉल लावायचा तर काडीच्या टोकाने तीन ठिपके, त्याहून जास्त नाही. पाण्यावरचा डिंक आहे, कागद ओला होऊन त्रिकोण पोटाकडे वाकतो आणि मग आठवी जीभ बसत नाही. नाशिकला जूनच्या मध्यापासून हवा दमट होते, वाळायला वेळ लागतो. डिंक लावल्यावर कागदी क्लिपने किंवा कपड्याच्या चिमट्याने दहा मिनिटं दाबून ठेवा, मगच दोरा. म्हणून पहिल्या तासिकेत घड्या आणि डिंक, दुसऱ्यात दोरा. मध्ये रात्र गेली तर फारच बरं, पण उघड्या खिडकीत ठेवू नका, पावसाची झड आली तर टिंटेड पेपरचा रंग दोऱ्याला लागतो. पांढरा दोरा आधी हिरवा होतो.

कंदिलाचं सामान जिथे मिळतं तिथेच, मेन रोड-रविवार कारंजा भागात, हे सगळं मिळून जातं. दिवाळीचा स्टॉक नसला तरी टिंटेड पेपर बारमाही असतो.


पेठरोड_कार्यानुभव

आठव्या जिभेचं आता कळलं. अजून दोन प्रश्न. दुसरीच्या मुलांनाही काहीतरी हवं आहे, पण सात घड्यांची पट्टी त्यांना झेपणार नाही. आणि आत सुगंधी काही भरता येतं का? झोंगझीच्या आकाराची सुवासिक पुरचुंडी गळ्यात घालतात असं वाचलं आहे.


पुडीबांध

दुसरीला चार पैलूंची द्या, तीही पट्टीने नाही, नळीने. तीनच जोड.

१५ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद कागद घ्या. १५ च्या बाजूने गोल करून १ सेंमी एकमेकांवर चढवून चिकटवा, १४ सेंमी घेराची नळी होईल, उंची ८. सांधा एका कडेला ठेवून नळी सपाट दाबा, रुंदी ७ सेंमी. खालचं तोंड १ सेंमी दुमडून चिकटवा. आत काय भरायचं ते भरा. आता वरचं तोंड दुसऱ्या दिशेने दाबायचं: चिकटवलेला सांधा आणि त्याच्या बरोबर समोरची बाजू एकमेकींना टेकवायची. खालची मिटलेली कड पूर्व-पश्चिम असेल तर वरची उत्तर-दक्षिण. ते तोंडही १ सेंमी दुमडून चिकटवा. चार पैलू आपोआप उभे राहतात.

प्रमाण लक्षात ठेवा: सपाट नळीची रुंदी १ धरली तर दोन दुमडींमधली उंची ०.८७. इथे ७ ला ६ सेंमी. उंची जास्त ठेवली की लांबुळकी, कमी ठेवली की चपटी आणि कोपऱ्यांना चुण्या. जुन्या पाकिटाचंही होतं: पाकीट ११ सेंमी रुंद असेल तर बंद टोकापासून साडेदहा सेंमीवर कापा, त्यातला एक सेंमी दुमडायला.

भरायचं काय. चीनमध्ये दुआनवूला दाराशी दोन वनस्पती टांगतात. एक म्हणजे आपला वेखंडच, त्याची तलवारीसारखी लांब पानं. दुसरी दवण्याच्या कुळातली, आणि सुगंधी पुरचुंडीतही ती असते. इथे काष्ठौषधीच्या दुकानात वेखंडाचे तुकडे मिळतात. ७ सेंमीच्या पुडीला एक छोटा तुकडा ठेचून, वाळलेल्या दवण्याची एक चिमूट, दोन लवंगा, वर लिंबाएवढा कापूस. वेखंडाची पूड नको, कागदाच्या सांध्यातून गळते आणि मुलं डोळे चोळतात. तुकडे मलमलीच्या फडक्यात बांधून आत टाका. पोटात घ्यायची वस्तू नाही हेही मुलांना स्पष्ट सांगा. कापूस नुसता सुगंध धरायला नाही, आतून आधार म्हणूनही हवा. रिकामी पुडी दोऱ्याने चेपते.

दोऱ्याचा नियम इथे वेगळा आहे, रेशीमलड ताईंच्या फेऱ्या चालणार नाहीत. चार पैलूंवर एक वेढा चार पैलूंनंतरच स्वतःला येऊन मिळतो. त्याची लांबी कुठेही घातला तरी सारखीच, दोन बाजूंइतकी, ७ सेंमीच्या पुडीला १४ सेंमी. घेर बदलत नाही म्हणून तो घसरतही नाही. लहान मुलांना हेच सोयीचं. तीन दिशांचे तीन वेगळे वेढे होतात, प्रत्येकाची गाठ वेगळी. तीन रंग घ्या, रंगाला दहा वेढे, म्हणजे दीड मीटर.


घडीपाडी

भद्रकाली_कंदील यांचा आक्षेप रास्त आहे. मध्यरेषेवर कोपरा टेकवून केलेली सुरुवात नीट झाली तर पहिली घडीच ६०ची येते, पण चाळीस जणांकडून तशी येईलच असं नाही. आखलेली झेरॉक्स चांगली. फक्त झेरॉक्सवर सैल घड्या तुटक रेषेने आणि घट्ट घड्या सलग रेषेने छापा, आणि त्रिकोणांना १ ते ८ आकडे द्या. आकडे कागदाच्या आतल्या बाजूला येतील असं मोडायचं, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही आणि बांधताना मुलांना समोर दिसतात. ठिपकेही तिथेच छापले तर ते आत जातील, म्हणून ठिपके तेवढे बाहेरच्या बाजूने हाताने.


तळटीप

प्रदर्शनात मांडणार असाल तर शेजारच्या पाटीवर काय लिहायचं ते जपून. दरवेळी चिनी म्हटलं की लाल कंदील आणि नववर्ष येतं. झोंगझी नववर्षाची नाही. दुआनवू चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, आपल्याकडे बहुतेक वर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास. २०२५ मध्ये तो ३१ मे रोजी होता. तारीख दरवर्षी हलते ती चंद्रामुळे, हे मुलांना गणपतीच्या तारखेवरून लगेच कळतं.

पाटीवर पुरेसं: प्राचीन छू राज्यातला कवी आणि मंत्री छू युआन याने, परंपरेनुसार इसवी सन पूर्व २७८ मध्ये, मिलुओ नदीत देह ठेवला, लोकांनी होड्या घालून त्याचा शोध घेतला आणि माशांनी त्याचं शरीर खाऊ नये म्हणून नदीत भात टाकला, अशी आख्यायिका. होड्यांच्या शर्यती आणि झोंगझी या दोन्हींचा संबंध तिथे लावतात. सणाला २००८ पासून चीनमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. "आख्यायिका" हा शब्द गाळू नका.

खाण्याच्या झोंगझीबद्दल एक ओळ: उत्तरेकडे साधारण गोड, आत लाल खजुरासारखं बोर किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण, दक्षिणेकडे खारी, आत मांस. झेजियांग प्रांतातलं जियाशिंग शहर खाऱ्या झोंगझीसाठी प्रसिद्ध. कागदाची सहा पैलूंची ही दागिना म्हणून केलेली आवृत्ती. खायची झोंगझी अशी दोन्हीकडे टोकदार असतेच असं नाही. पाटीवर "हुबेहूब" लिहू नका.


पेठरोड_कार्यानुभव

शेवटचं: टांगायचा दोरा आणि गोंडा कधी लावायचा? दोरा गुंडाळून झाल्यावर सुई घातली तर टोक फाटतं.


रेशीमलड

फाटणारच, तिथे तीन-चार थर एकत्र आलेले असतात आणि सुई त्यांच्या मधोमध जात नाही. सातवा त्रिकोण मिटायच्या आधी घाला. ३० सेंमी दोरा घ्या, मध्यावर मणी ओवून गाठ मारा. मणी आत राहील, दोऱ्याचं एक टोक खालच्या टोकातून बाहेर (२रा, ३रा, ४था मिळतात तिथून) आणि दुसरं वरच्या टोकातून (५वा, ६वा, ७वा मिळतात तिथून). भोक पाडायची गरज नाही, तिथे कागदाचे नुसते कोपरे टेकलेले असतात. बंद करताना दोरा त्यांच्या मधून ओढून धरायचा. मणी चार मिलिमीटरहून लहान नको, नाहीतर ओढला की बाहेर येतो.

वरच्या दोऱ्याचा टांगायला फास. खालच्याला गोंडा: ५ सेंमीच्या पुठ्ठ्यावर उरलेल्या रंगांचा दोरा पंचवीस वेढे, एका कडेला खालच्या दोऱ्यानेच आवळून गाठ, दुसऱ्या कडेला कात्री, मग मानेशी एक सेंमीवर दुसरा दोरा सहा-सात वेढे. त्याला अडीच मीटर लागतो, तो वरच्या हिशोबात धरलेला नाही, म्हणून प्रत्येक रंगाच्या सातऐवजी दहा लडी आणा.